सार्जंटचं 'मिस्टर अँड मिसेस आय. एन. फेल्प्स स्टोक्स': हे सुधारक बाईचं चित्र म्हणायचं का?

जलरंग

अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंट म्हटलं की आधी त्याचं 'मॅडम एक्स' हे व्यक्तिचित्र आठवतं. १८८४ साली पॅरिसमध्ये त्या चित्रावरून गदारोळ झाला आणि थोड्याच काळात सार्जंटने आपलं बस्तान लंडनला हलवलं, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या एका चित्राबद्दल. साल १८९७, नाव 'मिस्टर अँड मिसेस आय. एन. फेल्प्स स्टोक्स'. कॅनव्हासवर तैलरंग, उंची सुमारे २१४ सेंमी आणि रुंदी जेमतेम १०१ सेंमी. चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. म्युझियमच्या संकेतस्थळावरून ते मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतं. वाचताना शेजारी उघडून ठेवा, कारण छोट्या चित्रात यातलं निम्मं दिसतच नाही.

पुढ्यात तिशीची एक उंच बाई उभी आहे. पांढरा जाड सुती स्कर्ट, पुरुषी शर्टाच्या वळणाचा ब्लाउज, गळ्याशी छोटासा बो, वर फुगीर बाह्यांचं गडद जाकीट. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात गवती हॅट. गाल लाल झालेत, हसू आता फुटेल असं वाटतं, आणि ती थेट आपल्याकडे बघते. तिच्या मागे नवरा उभा आहे, हाताची घडी घालून, चेहरा सावलीत. खुर्ची नाही, पडदा नाही, फुलदाणी नाही.

ही एडिथ मिंटर्न स्टोक्स. जन्म १८६७, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरचा. माहेर मिंटर्न, म्हणजे ग्रिनेल, मिंटर्न अँड कंपनी या जहाज कंपनीचं घराणं. 'फ्लाइंग क्लाउड' हे प्रसिद्ध क्लिपर, म्हणजे वेगवान शिडाचं जहाज याच कंपनीचं. १८५१ साली ते न्यूयॉर्कहून केप हॉर्नला वळसा घालून ८९ दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला पोचलं होतं. आई शॉ घराण्यातली. गुलामगिरीविरोधी चळवळीत हे घर पहिल्यापासून होतं. कृष्णवर्णीय सैनिकांच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचं नेतृत्व करताना अमेरिकन यादवी युद्धात १८६३ साली फोर्ट वॅग्नरला मारला गेलेला रॉबर्ट गूल्ड शॉ हा एडिथचा सख्खा मामा. जोसेफिन शॉ लोवेल ही मावशी. १८७६ साली न्यूयॉर्क राज्याच्या धर्मादाय मंडळावर नेमलेली ती पहिली स्त्री, आणि १८९० साली निघालेल्या न्यूयॉर्कच्या कन्झ्युमर्स लीग या ग्राहकांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. घरात पैसा होता आणि त्या पैशाचं काय करायचं याचं उत्तर देणारी माणसंही होती.

एडिथचं लग्न १८९५ साली आयझॅक न्यूटन फेल्प्स स्टोक्सशी झालं. तोही बँक आणि खाणींच्या पैशात वाढलेला, तिच्याच वयाचा. लग्नानंतर तो पॅरिसला वास्तुकला शिकत होता. कुटुंबाच्या एका स्नेह्याने लग्नाची भेट म्हणून सार्जंटकडून एडिथचं चित्र काढून द्यायचं ठरवलं. एकटीचं, हे महत्त्वाचं.

लंडनच्या टाइट स्ट्रीटवरच्या स्टुडिओत सिटिंग (चित्रासाठीची बैठक) सुरू झाली ती रीतीप्रमाणे, मेजवानीच्या गाऊनमध्ये. काम बरंच पुढे गेलं होतं. मग एक दिवस एडिथ बाहेरून पायी फिरून, उन्हाने तापलेल्या चेहऱ्याने, साध्या फिरायच्या कपड्यांत स्टुडिओत शिरली. सार्जंटने तिला बघितलं आणि तसंच रंगवायचं ठरवलं. गाऊनमधलं सगळं काम गेलं. तिच्या शेजारी एक मोठा ग्रेट डेन कुत्रा उभा करावा, असं त्याच्या मनात होतं. कुत्रा काही मिळाला नाही. तेव्हा नवऱ्यानेच कुत्र्याची जागा घ्यायची तयारी दाखवली, हे त्याने स्वतः आठवणींत लिहून ठेवलंय. एडिथचं डोकं सार्जंटने नऊ वेळा रंगवलं, हेही त्याचंच सांगणं.

मला हे चित्र का महत्त्वाचं वाटतं ते सांगते. त्या काळी धनिक घरातल्या बाईचं चित्र म्हणजे कापड, मोती, खुर्चीचा सोनेरी हात. चित्रकाराने साटनवर काय कमाल केलीय ते लोक बघत, आणि बाई त्या साटनच्या आत कुठेतरी असे. सार्जंट स्वतः यात वाकबगार होता, त्याचं पोट त्यावर भरत होतं. इथे मात्र त्याने स्वतःचं हुकमी हत्यार खाली ठेवलं. एडिथ श्रीमंत आहे हे सांगणारी एकही वस्तू चित्रात नाही. सांगितलंय ते एवढंच की ही बाई चालत आलीय, तिला दम लागलाय, आणि ती इथे फार वेळ थांबणार नाही.

ती पुढे कुठे गेली? न्यूयॉर्क किंडरगार्टन असोसिएशनची ती अध्यक्ष झाली. १८८९ साली निघालेली ही संस्था गरीब वस्त्यांमध्ये बालवाड्या चालवायची. स्थलांतरित बायकांसाठी एडिथने शिवणशाळा चालवली. सरकारी शाळांत बालवाडी सरसकट नव्हती, तेव्हाच्या या गोष्टी आहेत.

अजून एक. या चित्राच्या चार वर्षं आधी, १८९३ साली, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात डॅनियल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराचा 'रिपब्लिक'चा ६५ फुटी पुतळा पाण्यात उभा होता. त्याच्या डोक्यासाठी एडिथनेच बैठक दिली होती. म्हणजे लाखो लोकांनी तिचा चेहरा आधीच बघितला होता, पण तो 'प्रजासत्ताक' म्हणून. स्थिर, भव्य, कुणाचाच नसलेला. सार्जंटच्या चित्रात तोच चेहरा पहिल्यांदा तिचा स्वतःचा वाटतो.

तर प्रश्न: एडिथचं कार्य चित्रात कुठेच नाही. मुलं नाहीत, पुस्तक नाही, वस्ती नाही. तरी हे सुधारक बाईचं चित्र आहे, असं मला ठामपणे वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

अबोली

किती छान लिहिलंय. चित्र उघडून बघितलं. तिचं डोकं कॅनव्हासच्या जवळजवळ वरच्या कडेला भिडलंय, त्यामुळे ती आहे त्याहून उंच वाटते. आणि नवरा बिचारा... कुत्र्याची गोष्ट वाचल्यावर त्याच्याबद्दल माया वाटली. सगळ्यांचे प्रतिसाद वाचायला आवडतील.

शिवणटिपण

धागा आवडला. माझा विषय कपडे, म्हणून कपड्यांवरच बोलते, आणि थोडा विरोधी सूर लावते.

तिने घातलाय तो शर्टवेस्ट. पुरुषांच्या शर्टासारखा, पुढे बटणांचा, कडक कॉलरचा ब्लाउज. १८९० च्या दशकात अमेरिकेत याची लाट आली. सायकल चालवणाऱ्या, टेनिस खेळणाऱ्या, कॉलेजात जाणाऱ्या, टायपिस्ट म्हणून कचेरीत बसणाऱ्या अशा सगळ्या बायकांनी तो घातला. चार्ल्स डेना गिब्सनच्या रेखाचित्रांतली 'गिब्सन गर्ल', म्हणजे त्या काळची आदर्श मानलेली तरुणी, हाच पोशाख मिरवते. बाह्यांची ती फुगवटी १८९५-९६ च्या सुमाराला सर्वांत मोठी होती, नंतर झपाट्याने ओसरली. म्हणजे हा पोशाख साधा असला तरी फॅशनबाहेरचा मुळीच नाही.

आता स्कर्ट बघा. पांढरा, पायापर्यंत लांब, खळ घालून कडक केलेला. १८९७ सालचं लंडन म्हणजे घरोघरी कोळशाच्या शेगड्या आणि रस्त्यावर घोडागाड्या. असा स्कर्ट घालून फिरायला जायचं तर तो रोज कुणीतरी धुवायला, खळ लावायला आणि इस्त्री करायला हवा, आणि ते काम एडिथ करत नव्हती. तेव्हा 'श्रीमंती सांगणारी एकही वस्तू नाही' हे मला मान्य नाही. त्या चित्रातला पांढरा रंगच श्रीमंती सांगतो. धुळीची पर्वा न करता पांढरं घालता येणं, ही त्या काळातली मोठी चैन होती.

शर्टवेस्टची पुढची गोष्टही सांगायला हवी. मागणी वाढली तशी हे ब्लाउज तयार मिळू लागले, आणि ते शिवणारे कारखाने न्यूयॉर्कमध्ये शेकड्यांनी उभे राहिले. शिवणाऱ्या बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित मुली. नोव्हेंबर १९०९ मध्ये त्यांनी संप केला, तो '२०,००० चा उठाव' म्हणून ओळखला जातो. तेव्हा अॅन मॉर्गन आणि आल्वा बेलमाँट या अतिश्रीमंत बायका त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. पकडलेल्या मुलींना सोडवायला आल्वा बेलमाँटने कोर्टात जामीन म्हणून स्वतःची हवेली लावली होती. आणि २५ मार्च १९११ ला ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागून १४६ कामगार मेले. दारांपैकी एक कुलूपबंद होतं.

आग चित्रानंतर चौदा वर्षांनी लागली, तिचा दोष एडिथवर टाकायचा नाहीये. पण हा कपडा बघताना मला त्या मुली दिसल्याशिवाय राहत नाहीत. एकच ब्लाउज, घालणारीला मोकळं करणारा आणि शिवणारीला बांधून ठेवणारा.

निरभ्र

शिवणटिपण यांच्या प्रतिसादाला जोरदार +१.

जलरंग, तुमचं लेखन मनापासून आवडलं, पण मूळ दावा पटला नाही. चित्र ज्या साली झालं तेव्हा एडिथ नुकती लग्न झालेली, पॅरिसला राहणारी श्रीमंत तरुणी होती. तिचं कार्य बरंचसं पुढचं. आपण ते आधी वाचतो आणि मग चित्रात शोधतो. तिचं चरित्र झाकून हे चित्र मला कुणी दाखवलं असतं, तर मी म्हटलं असतं: सुदृढ, आनंदी, आत्मविश्वास असलेली बाई, जिला आयुष्यात कधी नाही ऐकावं लागलेलं नाही.

तो आत्मविश्वास कुठून येतो? आजोबांच्या जहाजांतून. हे मी तुच्छतेने म्हणत नाही. त्या घराण्याने न्यूयॉर्कला सेंट्रल पार्क व्हावं म्हणून खटपट केली, गुलामगिरीविरुद्ध उभं राहिलं, आजोळच्या शॉ मंडळींनी मुलगा रणात गमावला. पण चित्रकार रंगवतो तो वर्गाचा सहजपणा. कमरेवर हात ठेवून, मान वर करून उभं राहणं ज्यांना लहानपणापासून शिकवलं जातं त्यांनाच असं उभं राहता येतं. ज्या बायकांसाठी ती शिवणशाळा चालवत होती त्यांच्यापैकी एखादी सार्जंटच्या स्टुडिओत आली असती, तर त्याने तिला मॉडेल म्हणून तासावर पैसे दिले असते आणि चित्राला तिचं नाव दिलं नसतं.

सुधारक म्हणून कुणाचं चित्र बघायचं असेल तर तिच्या मावशीचं बघावं, असं मला वाटतं. जोसेफिनचा नवरा चार्ल्स रसेल लोवेल १८६४ साली सीडर क्रीकच्या लढाईत गेला. तेव्हा ती विशीत होती आणि पोटात मूल होतं. त्यानंतर तिने आयुष्यभर काळे कपडे घातले. तिच्या उपलब्ध चित्रांत आणि छायाचित्रांत काम आणि झीज दोन्ही दिसतात.

कुंचला

मी तैलरंगात काम करतो, म्हणून हाताच्या बाजूने थोडं.

डोकं नऊ वेळा रंगवलं, हे ऐकून अनेकांना वाटतं की नऊ थर चढले असतील. तसं नसतं. सार्जंट दिवसभर केलेलं डोकं पसंत पडलं नाही तर पूर्ण खरवडून काढायचा आणि पुढच्या बैठकीला पुन्हा पहिल्यापासून. दुरुस्ती करत बसायचा नाही. हे वळण त्याच्या गुरूचं, कॅरोलस-ड्युरानचं. त्याचं शिकवणं असं की आधी टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, नेमका ओळखायचा, तो पॅलेटवर तयार करायचा आणि एकाच फटक्यात जागेवर ठेवायचा, घोळवायचा नाही. मागे आदर्श स्पॅनिश चित्रकार व्हेलास्क्वेझचा. म्हणून त्याच्या चित्रात शेवटी जे उरतं ते 'आत्ता केलंय' असं दिसतं. आधीची मेहनत खाली फेकलेली असते.

कॅनव्हास तो मॉडेलच्या शेजारी उभा करायचा, लांब मागे जाऊन दोन्हीकडे एकदम बघायचा आणि मग चालत येऊन एक स्ट्रोक लावायचा. पुन्हा मागे. सिटिंगमध्ये मैल दोन मैल त्याचीच चाल व्हायची म्हणा ना. एडिथचं चित्र जवळून तुटक आणि लांबून सलग दिसतं ते त्यामुळे. स्कर्ट झूम करून बघा, पांढरा असा त्यात फार थोडा आहे. करडे, निळसर, कुठे उबदार पिवळट पट्टे उभे ओढलेत आणि खरा पांढरा राखून ठेवलाय तो उजेड थेट पडतो त्या घडीपुरता.

आणि नवरा. लोकांना वाटतं की तो मागून घुसवला म्हणून कच्चा राहिला. मला तसं वाटत नाही. त्याचे कपडेही फिकट आहेत. ते पूर्ण उजेडात रंगवले असते तर पांढऱ्या स्कर्टची ताकद अर्ध्याने कमी झाली असती. म्हणून सार्जंटने त्याला एक अख्खा टप्पा खाली, सावलीत नेलं. ग्रेट डेननेही तेच काम केलं असतं: मागे एक मोठं, शांत, मध्यम टोनचं वजन, ज्याच्यापुढे ती उसळून येईल. कुत्रा की नवरा हा विनोद स्टोक्सचा, रचनेची गरज तीच राहिली.

निरभ्र यांच्या मुद्द्याबद्दल: बॉस्टनची कलासंग्राहक इझाबेला स्ट्यूअर्ट गार्डनर हिचं १८८८ सालचं सार्जंटचं चित्र शेजारी ठेवून बघा. तीही प्रचंड श्रीमंत, तीही स्वतःच्या मनाची, तिच्याही चेहऱ्यावर आठ प्रयत्न फसले आणि नववा जमला. तिथे मोत्यांच्या माळा कमरेला आहेत, मागे नक्षीदार कापडाचं वलय आहे, आणि ती एखाद्या मूर्तीसारखी समोरासमोर, सममित उभी आहे. नवऱ्याला ते इतकं नकोसं झालं की आपण जिवंत असेपर्यंत पुन्हा प्रदर्शनात मांडू नका, असं त्याने सांगितलं. दोन्ही बायका एकाच वर्गातल्या. 'वर्गाचा सहजपणा' एवढ्याने दोन्ही चित्रं समजायची तर ती इतकी वेगळी का झाली? मॉडेलमध्ये काहीतरी वेगळं होतं आणि चित्रकाराने ते बघितलं, एवढं तरी मान्य करावं लागेल.

वास्तुवेडा

नवऱ्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. हा माणूस नुसता सावलीतला पती नव्हता.

१८९७ साली मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला लाखो लोक टेनेमेंटमध्ये, म्हणजे गरिबांच्या दाटीवाटीच्या भाड्याच्या चाळींत राहत. प्लॉट २५ फूट बाय १०० फूट. १८७९ च्या कायद्यानंतर त्यावर 'डंबेल' पद्धतीच्या इमारती उठल्या: दोन इमारतींमध्ये अरुंद हवेचा झरोका, त्यावर उघडणाऱ्या आतल्या खोल्या, प्रत्यक्षात ना हवा ना उजेड. झरोक्यात कचरा पडायचा, आग लागली की त्यातूनच वर चढायची. १८९० मध्ये पत्रकार जेकब रीसने छायाचित्रांसह हे सगळं जगापुढे मांडलं.

स्टोक्सने वास्तुकला शिकायला घेतली ती याच प्रश्नासाठी. परत आल्यावर हॉवेल्स अँड स्टोक्स ही फर्म काढली. त्यांचं पहिलं मोठं काम म्हणजे एल्ड्रिज स्ट्रीटवरची युनिव्हर्सिटी सेटलमेंटची इमारत. सेटलमेंट म्हणजे शिकलेल्या लोकांनी वस्तीतच राहून तिथल्या लोकांबरोबर काम करायची जागा. १९०० साली गव्हर्नर थिओडोर रूझवेल्टने टेनेमेंट हाऊस कमिशन नेमलं त्यात स्टोक्स होता, आणि १९०१ चा कायदा घडवण्यात त्याचा हात होता. नव्या इमारतीत प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी, प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र संडास, झरोक्याऐवजी खरं अंगण. हे नियम ऐकायला रुक्ष वाटतात, पण न्यूयॉर्कमधल्या किती मुलांचा क्षय त्यामुळे टळला असेल याचा विचार केला की मला भरून येतं.

नंतर तो मॅनहॅटनच्या इतिहासात बुडाला. बेटाच्या नकाशांचा आणि चित्रांचा सहा खंडांचा ग्रंथ १९१५ ते १९२८ या काळात काढला आणि त्यात पाण्यासारखा पैसा घातला. आज न्यूयॉर्कवर काम करणारा कुणीही त्या खंडांशिवाय पुढे जाऊ शकत नाही.

म्हणून निरभ्र, माझं मत असं: चित्रात एक नाही, दोन सुधारक आहेत. दोघांनी वस्तीतल्या एकाच कुटुंबाकडे दोन बाजूंनी बघितलं. तो खोलीच्या खिडकीचं बघत होता, ती त्या खोलीतल्या चार वर्षांच्या पोराचं.

शिवणटिपण

वास्तुवेडा, शेवटचं वाक्य सुंदर. यात त्याच्या धाकट्या भावालाही जागा द्यायला हवी. जेम्स ग्रॅहम फेल्प्स स्टोक्स त्याच सेटलमेंटमध्ये राहायला गेला आणि १९०५ साली त्याने रोझ पास्टरशी लग्न केलं. ती सिगार कारखान्यात काम केलेली ज्यू स्थलांतरित मुलगी. सगळ्या वर्तमानपत्रांनी ते लग्न डोक्यावर घेतलं. पुढे ती कडवी समाजवादी झाली. म्हणजे वस्तीतली बाई एडिथची जाऊ म्हणून घरात आली. 'वस्तीतल्या बाईला चित्रात नाव मिळालं नसतं' या मुद्द्याला हे उत्तर नाही, पण या कुटुंबाला तो प्रश्न घरात बसून सोडवावा लागला, हे खरं.

जलरंग

सगळ्यांचे आभार. एवढं सविस्तर लिहाल असं वाटलं नव्हतं.

शिवणटिपण, पांढऱ्या स्कर्टबद्दल तुम्ही म्हणता ते योग्य आहे आणि त्याने चित्र माझ्यासाठी अधिक गुंतागुंतीचं झालं. तरी एक फरक करते. गाऊन बाईला बसवून ठेवतो. त्यात जलद चालता येत नाही, जिना धडाधड उतरता येत नाही. हा पोशाख धुणाऱ्या बाईच्या श्रमावर उभा असेल, पण तो घालून बाहेर जाता येतं. सुधारणेचं काम हे घराबाहेरचं काम होतं. बालवाडी काढायची तर वस्तीत जिने चढावे लागत, बैठकांना जावं लागे, देणगीदारांच्या दारात उभं राहावं लागे. सार्जंटने तिचं कार्य रंगवलं नाही, त्या कार्याला लागणारं शरीर रंगवलं, असं मला म्हणायचंय.

निरभ्र, 'आपण चरित्र आधी वाचतो' हा आक्षेप गंभीर आहे. पण सार्जंटला ते चरित्र माहीत नव्हतं, घडलंच नव्हतं. त्याच्यापुढे गाऊनमधलं बरंचसं झालेलं काम होतं, पैसे ठरलेले होते, कुणी तक्रार केली नव्हती. ते सगळं टाकून देण्याइतकं त्याला दारातून आत येणाऱ्या बाईत दिसलं. मी पुढचं आयुष्य चित्रात घुसवत नाहीये. त्याने जे ओळखलं त्याला पुढच्या आयुष्याने दुजोरा दिला, इतकंच.

आणि त्याच १८९७ सालच्या ३१ मेला बॉस्टनमध्ये शिल्पकार सेंट-गॉडन्सने घडवलेल्या रॉबर्ट गूल्ड शॉच्या स्मारकाचं अनावरण झालं. मामा ब्राँझमध्ये घोड्यावर, आजूबाजूला चालणारे त्याचे सैनिक, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. भाची लंडनमध्ये कॅनव्हासवर. एका घराण्याच्या दोन पिढ्या एकाच वर्षी कलेत आल्या, एकीकडे माणसं चालताहेत आणि दुसरीकडे बाई चालून आलीय. हे मला फार मोलाचं वाटतं.

अबोली

एक विचारू का? चित्राच्या नावात 'मिस्टर' आधी आणि ती नंतर, तेही त्याच्या नावाने. 'एडिथ' हा शब्दच नाही. चित्र तर सगळं तिचं आहे. हे खटकलं नाही का कुणाला?

जलरंग

अबोली, मलाही खटकतं. त्या काळची रीत तीच होती. पण म्युझियमच्या पाटीवर नावाखाली बघा. तिथे लिहिलंय की हे चित्र एडिथ मिंटर्न फेल्प्स स्टोक्सच्या मृत्युपत्राने, १९३८ साली आलं. एडिथ १९३७ मध्ये गेली. शेवटची काही वर्षं तिला पक्षाघाताने अंथरुणाला खिळवलं होतं, आणि महामंदीत स्टोक्सची बरीचशी संपत्ती गेली होती. चित्र तिच्या मालकीचं होतं, ते कुठे जावं हे तिने ठरवलं आणि तिचं पहिलं नाव त्या पाटीवर त्या निर्णयामुळे आहे.

निरभ्र

हे चांगलं सांगितलंत. कुंचला यांचा गार्डनरचा दाखलाही मानतो, दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघितली. गार्डनरबाईंच्या चित्रात देवघर आहे, इथे रस्ता आहे. पण 'सुधारक' हा शब्द मी अजून लावणार नाही. 'नवी स्त्री' म्हणेन, म्हणजे त्या काळी घराबाहेर पडणाऱ्या मोकळ्या बायकांना म्हणत ती. बालवाडीच्या कामाबद्दल एक प्रश्न आहे: त्या संस्थेच्या बालवाड्या वस्तीतल्या मुलांना शिकवायला होत्या की त्यांना 'अमेरिकन' बनवायला? इंग्रजी, स्वच्छता, टापटीप, वरच्या वर्गाच्या चालीरीती. दान देणाऱ्याला हवं तसं मूल घडवणं हीही सुधारणाच म्हणवली जात होती.

वास्तुवेडा

दोन्ही होतं, आणि ते वेगळं काढता येत नाही. पण बालवाडीचा जनक, जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलची मूळ कल्पना लक्षात घ्या: तीन ते सहा वर्षांच्या मुलाने खेळातून, हाताने, गाण्यातून शिकावं, घोकून नव्हे. ठोकळे, माती, विणायच्या कागदी पट्ट्या. आई कारखान्यात किंवा घरच्या शिलाईवर आणि मूल अंधाऱ्या खोलीत किंवा रस्त्यावर, अशा वस्तीत सकाळचे तीन तास उजेडाच्या खोलीत गाणं म्हणायला मिळणं ही लादलेली चालरीत नव्हे. शिवाय सेंट लुईसमध्ये सुझन ब्लोने १८७३ सालीच सरकारी शाळेत बालवाडी घालून दाखवली होती. न्यूयॉर्कच्या संस्थेची धडपडही तीच होती: देणगीवर सुरू करायचं, चालतं हे दाखवायचं आणि मग शहराने ते उचलावं म्हणून मागे लागायचं. ज्याला दानाची मिरवणूक काढायची असते तो आपलं काम सरकारच्या हवाली करायला धडपडत नाही.

कुंचला

बालवाडीवर स्वतंत्र धागा काढा वास्तुवेडा, फार महत्त्वाचा विषय आहे. फ्रोबेलच्या ठोकळ्यांवर वाढलेल्या मुलांमध्ये पुढे वास्तुकार फ्रँक लॉइड राइट होता, तोही तुमचाच प्रांत.

चित्राकडे परत येतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी एक करून बघा: चित्र पूर्ण काळ्या-पांढऱ्यात बदला आणि डोळे बारीक करून बघा. तिचा चेहरा आणि स्कर्ट असे दोन उजेडाचे तुकडे उरतात, मध्ये जाकिटाचा गडद पट्टा. नवरा जवळजवळ भिंतीत विरघळतो. मग रंगीत चित्र परत उघडा आणि गालांवरचा लाल बघा. आठ डोकी खरवडून सार्जंट तेवढ्यासाठी थांबला होता असं माझं ठाम मत आहे. चालून आलेल्या माणसाच्या गालावरची लाली बैठकीत काही मिनिटांत उतरते. प्रत्येक सिटिंगला ती लाली पुन्हा आणायची तर एकतर तिला पुन्हा चालायला पाठवायचं, नाहीतर आठवणीतून एकाच फटक्यात लावायची. जमली ती दहा-बारा स्ट्रोकमध्ये जमलीय. जवळून मोजता येतात.